चित्रपटांचे दप्तर

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात उजनी नावाचे गाव आहे. या गावाजवळ भीमा नदीवर मोठे धरण बांधलेले आहे. धरणाचे काम १९८० साली पूर्ण झाले. धरणामागे जो विशाल जलाशय तयार झाला, त्याला ‘यशवंतसागर’ असे नाव देण्यात आले. या जलाशयात सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी मावते. या पाण्यावर ऊस आणि केळीचे मळे उभे राहिले, शहरांची तहान भागली आणि हिवाळ्यात दूरदूरचे रोहित पक्षीही येथे येऊ लागले.

पण हे पाणी साठवण्यासाठी अनेक गावांना आपली जागा सोडावी लागली. करमाळा, इंदापूर आणि आसपासच्या तालुक्यांतील जुनी गावे पाण्याखाली गेली. माणसे उंचावर जाऊन राहिली. घरे, वाडे, विहिरी, देवळे आणि बाजाराच्या जागा मात्र खालीच राहिल्या.

उन्हाळ्यात धरणातील पाणी फार कमी झाले, की या गावांच्या खुणा पुन्हा दिसू लागतात. पळसदेवचे जुने दगडी मंदिर पाण्यातून वर येते. कुगावजवळचा इनामदारांचा वाडा उघडा पडतो. मग म्हातारी माणसे नातवंडांना घेऊन तेथे जातात. “इथे आपले घर होते, इथे बाजार भरत असे,” असे ती सांगतात. दगड टिकाऊ असतो. चाळीस वर्षांहून अधिक काळ पाण्याखाली राहूनही त्या भिंती उभ्या आहेत.

परंतु गाव म्हणजे केवळ दगडाच्या भिंती नव्हेत. बाजारातील गलबला, माणसांची चालण्याबोलण्याची रीत, विहिरीवरील रहाटाचा आवाज, लग्नातील वाजंत्री हे सारे मिळून गाव होते. पाणी कितीही आटले, तरी या गोष्टी परत दिसत नाहीत. त्या जशाच्या तशा दाखवू शकेल असे एकच साधन माणसाजवळ आहे. ते म्हणजे हलते चित्र, अर्थात चित्रपट.

याचे उदाहरण याच भागात सापडते. करमाळा तालुक्यात जेऊर नावाचे गाव आहे. दिग्दर्शक नागराज मंजुळे हे या गावचे. त्यांचा ‘सैराट’ हा मराठी चित्रपट २०१६ साली प्रदर्शित झाला. त्याचे बरेचसे चित्रीकरण करमाळा तालुक्यातच झाले. त्यात नायिकेची भूमिका करणारी रिंकू राजगुरू ही अकलूजची शाळकरी मुलगी होती. चित्रपटातील माणसे सोलापूरकडची बोली बोलतात. तेथील रस्ते, शेते, विहिरी आणि माळराने पडद्यावर दिसतात. आज आपण हा चित्रपट त्याच्या कथेसाठी आणि गाण्यांसाठी पाहतो. आणखी पन्नास वर्षांनी मात्र तो पाहणाऱ्याला आणखी काही दिसेल. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला या भागातील मुले कोणते कपडे घालत, कोणते खेळ खेळत, मोठ्यांशी कसे बोलत, जातीच्या भिंती किती उंच होत्या, हे त्याला कळेल. कथा लिहिणाऱ्याच्या मनातली असली, तरी कॅमेऱ्यासमोरची जमीन आणि भाषा खरी असते. म्हणूनच चित्रपट हा इतिहासाचा एक दस्तऐवज असतो.

पण पन्नास वर्षांनी तो पाहता यावा, यासाठी तो आधी टिकला पाहिजे. चित्रपट आपोआप टिकत नाही. असे का होते, हे समजण्यासाठी चित्रपटाची फिल्म कशी असते, ते पाहू.

फिल्म ही एक लांब, पारदर्शक पट्टी असते. तिच्यावर ओळीने लहान लहान चित्रे असतात. यंत्रातून ही पट्टी सरकू लागली, की एका सेकंदात चोवीस चित्रे पडद्यावर येतात आणि आपल्याला चित्र हलल्याचा भास होतो. दोन तासांच्या चित्रपटात एक लाख बाहत्तर हजार आठशे चित्रे असतात. ती पट्टी सरळ पसरली, तर तीन किलोमीटरहून लांब होईल. इतकी लांब पट्टी एकत्र गुंडाळता येत नाही. म्हणून तिचे भाग करून ते चक्रांवर गुंडाळतात. अशा एका भागाला ‘रीळ’ म्हणतात. रिळे पत्र्याच्या गोल डब्यांत ठेवली जातात.

सुरुवातीच्या काळात ही पट्टी नायट्रेट नावाच्या पदार्थापासून बनवीत. तिच्यावरचे चित्र फार सुंदर दिसे. मात्र हा पदार्थ अत्यंत ज्वालाग्राही होता. एकदा पेटला, की पाण्यानेही तो विझत नसे. शिवाय उष्ण आणि दमट हवेत ही पट्टी चिकट होई आणि शेवटी तिची भुकटी होई. पुढे सुमारे १९५० नंतर वेगळ्या पदार्थाची सुरक्षित फिल्म सर्वत्र वापरात आली. ती सहजासहजी पेटत नाही. पण तीही नीट ठेवली नाही, तर कुजू लागते. अशा कुजणाऱ्या फिल्मचा डबा उघडला, की शिरक्यासारखा आंबट वास येतो. रंगीत फिल्मचे रंगही हळूहळू उडून जातात. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा हवेत पत्र्याच्या खोलीत पडलेली रिळे किती दिवस टिकतील, याची कल्पना तुम्ही करू शकता.

हवेपेक्षाही अधिक नुकसान माणसाच्या बेपर्वाईने केले. पूर्वी खेडोपाडी चित्रपटगृहे नव्हती. जत्रा भरली, की तेथे तंबूतला सिनेमा येई. मालमोटारीतून यंत्र, पडदा आणि रिळांचे डबे येत. शहरात चालून चालून जुनी झालेली रिळे शेवटी अशा तंबूंत येत. त्यांच्यावर ओरखडे पडलेले असत. काही ठिकाणी पट्टी तुटे. तुटलेला भाग कापून उरलेली टोके पुन्हा जोडली जात. शेवटी रीळ चालेनासे झाले, की त्याची किंमत भंगाराइतकी होई. कृष्णधवल फिल्मवरील चित्र चांदीच्या सूक्ष्म कणांचे बनलेले असते. ही चांदी काढून घेण्यासाठी असंख्य रिळे धुऊन टाकण्यात आली. थोड्याशा चांदीसाठी त्यांवरील चित्रे कायमची पुसली गेली.

यात आपण काय गमावले, ते पाहा. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. भारतीय कथापटाचा प्रारंभ येथून झाला असे मानले जाते. या चित्रपटाची आज थोडीच रिळे पाहायला मिळतात, आणि तीदेखील फाळक्यांनी पुढे नव्याने काढलेल्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासक म्हणतात. भारतात सुमारे तेराशे मूकपट तयार झाले. त्यांपैकी जेमतेम तीसच्या आसपास मूकपट पूर्ण किंवा अपूर्ण स्वरूपात शिल्लक आहेत. फातमा बेगम या भारतातील पहिल्या महिला चित्रपट-दिग्दर्शिका. त्यांनी १९२६ साली ‘बुलबुले परिस्तान’ हा चित्रपट काढला. तोही आज उपलब्ध नाही.

तुम्हा उर्दू भाषिक विद्यार्थ्यांना विशेष वाईट वाटेल, अशी हानी ‘आलम आरा’ची आहे. हा भारताचा पहिला बोलपट. अर्देशीर इराणी यांनी तो दिग्दर्शित केला. १४ मार्च १९३१ रोजी तो मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्याची भाषा हिंदुस्थानी, म्हणजे उर्दूला अगदी जवळची होती. नायक होते मास्टर विठ्ठल आणि नायिका होती झुबेदा. झुबेदा ही फातमा बेगम यांचीच मुलगी. वझीर मोहम्मद खान यांनी त्यात फकिराची भूमिका केली आणि एक गीतही गायले. हिंदी चित्रपटातील पहिले गीत म्हणून त्याची नोंद झाली आहे. परंतु ‘आलम आरा’चे एकही रीळ आज कोठे असल्याचे माहीत नाही. काही छायाचित्रे आणि जाहिराती तेवढ्या उरल्या आहेत. भारतीय पडद्यावर ऐकू आलेले पहिले शब्द आपण कधीच ऐकू शकत नाही.

याउलट दुसरे उदाहरण घेऊ. ‘आलम आरा’नंतर एकाच वर्षाने, १९३२ साली, प्रभात फिल्म कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट काढला. तो आज पाहता येतो. याच कंपनीचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला. त्याचे दिग्दर्शन विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल या दोन मित्रांनी मिळून केले. फत्तेलाल हे उत्तम चित्रकार होते. प्रभातच्या चित्रपटांतील देखावे त्यांच्या कल्पनेतून उभे राहत. तुकाराम महाराजांची भूमिका विष्णुपंत पागनीस यांनी केली. १९३७ साली इटलीतील व्हेनिस शहराच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. एका मुसलमान कलावंताने आणि त्याच्या हिंदू मित्राने मिळून उभे केलेले हे संतचरित्र आजही लोक आवडीने पाहतात. उजनीचे पाणी भीमेतून पुढे पंढरपूरला जाते. तेथे जमणाऱ्या वारकऱ्यांपैकी कितीतरी जणांनी तुकोबांचे पहिले दर्शन याच चित्रपटात घेतले असेल.

एक चित्रपट हरवला आणि दुसरा राहिला, असे का झाले? राहिलेला चित्रपट कोणीतरी सांभाळला, त्याची नवी प्रत काढली, ती योग्य जागी ठेवली. हरवलेल्या चित्रपटासाठी असे कोणी वेळेवर पोहोचले नाही.

हे सांभाळण्याचे काम करण्यासाठी भारत सरकारने १ फेब्रुवारी १९६४ रोजी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना केली. या संग्रहालयासाठी जन्मभर झटलेले गृहस्थ म्हणजे पी. के. नायर. ते मूळचे केरळचे. पण पुणे हीच त्यांची कर्मभूमी झाली. कोठे जुनी रिळे आहेत असे कळले, की नायर तेथे जात. मालकाला समजावून सांगत आणि डबे घेऊन येत. फाळके कुटुंबीयांकडून त्यांनी दादासाहेबांच्या चित्रपटांचे तुकडे मिळवले. १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’ या मूकपटाचे विस्कळीत तुकडे त्यांनी योग्य क्रमाने जोडले. या चित्रपटात फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी हिने बालकृष्णाची भूमिका केली आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या मुलीचे हसणे, रुसणे आणि खोड्या आज आपण पाहू शकतो, ते या मेहनतीमुळेच. नायर १९९१ साली निवृत्त झाले, तोपर्यंत संग्रहालयात देशी-विदेशी मिळून सुमारे बारा हजार चित्रपट जमा झाले होते. २०१६ साली त्यांचे निधन झाले.

‘दप्तर’ हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूत ‘दफ्तर’ म्हणजे कचेरी. फारसीतून हा शब्द मराठीत आला आणि त्याचा अर्थ ‘जपून ठेवलेल्या कागदपत्रांचा साठा’ असा झाला. पुण्याचे पेशवे दप्तर प्रसिद्ध आहे. पाठीवर घेऊन तुम्ही शाळेत जाता, त्या पिशवीलाही आपण दप्तरच म्हणतो. चित्रपटांचे संग्रहालय हेही एक दप्तरच आहे. फरक एवढाच, की त्यात कागदांबरोबर माणसांचे चेहरे आणि आवाजही ठेवलेले असतात.

या दप्तराची व्यवस्था मोठी काटेकोर असते. रिळे थंड आणि कोरड्या खोल्यांत ठेवतात. कृष्णधवल फिल्मपेक्षा रंगीत फिल्मला अधिक थंडी लागते. डबे ठरावीक काळाने उघडून तपासतात. फिल्म हातमोजे घालून हाताळतात, तिच्यावरची धूळ पुसतात, फाटलेल्या कडा सांधतात. फार खराब झालेल्या फिल्मची चित्रे एकेक करून यंत्राने टिपतात आणि संगणकाच्या साह्याने त्यांवरील डाग व ओरखडे काढतात. एका सेकंदाची चोवीस चित्रे, हा हिशेब लक्षात ठेवा. म्हणजे या कामाला किती धीर लागतो, ते कळेल.

इतकी काळजी घेऊनही धोका संपत नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातील एका गोदामाला आग लागली. तेथे जुन्या नायट्रेट फिल्म ठेवलेल्या होत्या. सुमारे सहाशे चित्रपटांची पाच हजारांहून अधिक रिळे जळून गेली. ज्या चित्रपटांच्या प्रती सुरक्षित फिल्मवर आधीच उतरवून ठेवल्या होत्या, ते वाचले. या दुर्घटनेने एक धडा दिला. अमूल्य वस्तूची एकच प्रत ठेवू नये, आणि सगळ्या प्रती एकाच जागी ठेवू नयेत.

सरकारने २०१४ साली राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहीम मंजूर केली. तिच्यासाठी सुमारे ५९७ कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. त्याच वर्षी मुंबईत फिल्म हेरिटेज फाउंडेशन ही खासगी संस्थाही सुरू झाली. मार्च २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय हे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले आणि त्याचे काम आता महामंडळाकडे आहे.

कोणी म्हणेल, “आता तर सारे चित्रपट संगणकावर असतात. मग काळजी कशाची?” ही समजूत बरोबर नाही. आजचे चित्रपट बहुधा डिजिटल कॅमेऱ्याने काढले जातात. ते फिल्मवर नसून हार्ड डिस्कसारख्या साधनांवर असतात. हार्ड डिस्क काही वर्षांतच बंद पडू शकते. शिवाय यंत्रे सतत बदलतात. आजची नोंद वाचणारे यंत्र वीस वर्षांनी मिळेलच, असे नाही. थंड जागी नीट ठेवलेली फिल्म शंभर वर्षे टिकू शकते. डिजिटल प्रत मात्र दर काही वर्षांनी नव्या साधनावर उतरवावी लागते. हे करायला विसरले, तर कालचा चित्रपटही ‘आलम आरा’च्या वाटेने जाईल.

आणखी एक प्रश्न विचारला जातो. सगळेच चित्रपट का जपायचे? जे थोर आहेत, तेवढेच जपले तर चालणार नाही का? पण कोणता चित्रपट पुढे मोलाचा ठरेल, हे आज कोणालाच नेमके सांगता येत नाही. ज्यांनी चांदीसाठी जुनी रिळे विकली, त्यांनाही ती निरुपयोगीच वाटली होती. म्हणून कथापटांबरोबर वार्तापट, माहितीपट, एवढेच नव्हे तर चित्रपटांची भित्तिपत्रके आणि गाण्यांच्या पुस्तिकाही संग्रहालये जमवतात.

हरवलेले चित्रपट क्वचित सापडतातही. ‘मेट्रोपोलिस’ या १९२७ सालच्या जर्मन मूकपटाचा बराचसा हरवलेला भाग २००८ साली थेट दक्षिण अमेरिकेतील ब्युनॉस आयर्स शहरात मिळाला. कोलकात्यात १९१९ साली तयार झालेल्या ‘बिल्वमंगल’ या मूकपटाचा काही भाग फ्रान्समध्ये जपलेला होता. त्याची प्रत २०१६ साली भारताला मिळाली. कोणीतरी दूरदेशी ते डबे फेकून दिले नाहीत, म्हणूनच हे घडले.

विद्यार्थी मित्रांनो, हे काम केवळ मोठ्या संस्थांचे आहे असे समजू नका. उजनीकाठच्या आणि इतर गावांतील अनेक घरांत लग्नाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट असतात. कपाटात, पेटीत किंवा माळ्यावर त्या धूळ खात पडलेल्या असतात. त्यांत आजी-आजोबांचे, नाना-नानींचे चालणे-बोलणे असते. अंगण असते, गल्ली असते, आज नसलेली माणसे असतात. या कॅसेटच्या फितीला दमट हवेत बुरशी लागते. शिवाय ती दाखवणारी यंत्रेही दुर्मीळ झाली आहेत. असे यंत्र बनवणाऱ्या जपानमधील शेवटच्या कंपनीने २०१६ साली त्याचे उत्पादन थांबवले. म्हणून अशी कॅसेट घरात असेल, तर ती कोरड्या जागी उभी ठेवा. वडीलधाऱ्यांना सांगून जाणकाराकडून तिच्या नव्या प्रती करून घ्या. एक प्रत स्वतःच्या घरी आणि दुसरी नातेवाइकांच्या घरी ठेवा.

त्याहून महत्त्वाचे काम म्हणजे नोंद करणे. चित्रात दिसणारी माणसे कोण, गाव कोणते, साल कोणते, हे घरातील वृद्धांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा. मराठीत लिहा किंवा उर्दूत लिहा. नाव माहीत नसलेला चेहरा पुढच्या पिढीला परकाच वाटतो. धरणात गेलेल्या गावाची वाट सांगणारी माणसे आता थोडी राहिली आहेत. ती आहेत तोवरच विचारायला हवे.

स्वाध्याय

१. उन्हाळ्यात उजनीच्या जलाशयात कोणत्या खुणा दिसू लागतात? कोणत्या गोष्टी परत दिसत नाहीत?
२. जुनी रिळे नष्ट होण्याची तीन कारणे लिहा.
३. ‘आलम आरा’ आणि ‘संत तुकाराम’ यांविषयी प्रत्येकी चार वाक्ये लिहा.
४. डिजिटल प्रत असली तरी काळजी का घ्यावी लागते?
५. ‘दप्तर’प्रमाणे उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत असलेले, पण अर्थ थोडा वेगळा असलेले पाच शब्द शोधा.
६. घरातील एखादे जुने छायाचित्र घेऊन त्यातील माणसे, गाव आणि साल यांची नोंद करा.